सरकारी आरोग्य कार्डावर छातीचा डॉक्टर कसा शोधायचा?

खोकला दोन महिने झाले तरी जात नाही. जिना चढताना दम लागतो. गावातले डॉक्टर सांगतात, "एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून या." घरात पाच लाखांचे आयुष्मान कार्ड असते, म्हणून घरचे लोक शहरातल्या नावाजलेल्या तज्ज्ञांच्या दवाखान्यात जातात. काउंटरवर कार्ड पुढे केले की उत्तर मिळते, "इथे हे चालत नाही." मग तपासणीची फी, एक्स-रे, सीटी स्कॅन, औषधे असा सगळा खर्च खिशातून होतो. कार्ड नावापुरतेच आहे, असा समज करून घेऊन काही जण पुढचे उपचारच टाळतात.

खरे तर कार्ड चालते. पण ते कुठे, कधी आणि कशासाठी चालते याचे नियम आहेत, आणि ते माहीत नसले की सगळ्यात जास्त खर्च सुरुवातीच्या तपासण्यांतच होतो. महाराष्ट्रात सरकारी आरोग्य योजनेतून फुफ्फुसांच्या तज्ज्ञापर्यंत कसे पोहोचायचे, त्याची ही माहिती.

थोडक्यात

- महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ओपीडीतली तपासणी त्यात सहसा येत नाही.
- योजनेशी करार रुग्णालयाचा असतो, डॉक्टरचा नाही. त्यामुळे शोध रुग्णालयाचा आणि त्यातल्या विभागाचा घ्यावा.
- पहिली तपासणी आणि निदान सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात करून घेतले, तर खर्च सर्वात कमी येतो.
- ईएसआयसी आणि सीजीएचएस या योजनांत ओपीडीही येते, पण तिथे चिठ्ठीची पद्धत आहे.
- टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेत सर्वांना मोफत आहेत. त्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही.

छातीचा डॉक्टर म्हणजे नेमका कोण?

फुफ्फुसांच्या तज्ज्ञाला वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाते. पाटीवर छातीरोगतज्ज्ञ, श्वसनविकारतज्ज्ञ, चेस्ट फिजिशियन किंवा पल्मनॉलॉजिस्ट यापैकी काहीही लिहिलेले असू शकते. जुन्या सरकारी रुग्णालयांत 'क्षयरोग व उरोरोग विभाग' अशी पाटी दिसते. नावे वेगळी असली तरी काम एकच: दमा, सीओपीडी, न्यूमोनिया, टीबी, फुफ्फुसाभोवती साचलेले पाणी, फुफ्फुसे घट्ट होत जाण्याचे आजार, झोपेत श्वास अडकणे अशा तक्रारी पाहणे.

पदवी पाहायची असेल तर एमबीबीएसनंतर श्वसनविकार किंवा टीबी व छातीचे आजार या विषयातली एमडी, डीएनबी किंवा डीटीसीडी ही पदविका असते. काहींनी त्यापुढे डीएम ही अतिविशेष पदवी घेतलेली असते.

फुफ्फुसाचे ऑपरेशन मात्र हे डॉक्टर करत नाहीत. ते काम छातीच्या शल्यविशारदाचे, म्हणजे थोरॅसिक सर्जनचे. फुफ्फुसाच्या कर्करोगावर केमोथेरपी देणारा डॉक्टर कर्करोगतज्ज्ञ असतो. हा फरक कार्डाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण एखादे रुग्णालय एका विभागासाठी योजनेत असते आणि दुसऱ्यासाठी नसते.

आणखी एक गोष्ट. दम लागण्याचे कारण दरवेळी फुफ्फुसातच असते असे नाही. हृदयाचा आजार आणि रक्त कमी होणे यांमुळेही दम लागतो. त्यामुळे आधी साध्या फिजिशियनला दाखवून मग तज्ज्ञाकडे जाणे वेळ वाया घालवणे नसते.

कार्ड दवाखान्यात का चालत नाही?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत झाली. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. केंद्राची आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जनआरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जातात. १ जुलै २०२४ पासून त्या नव्या रूपात सुरू झाल्या आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. त्या वेळी यादीत १,३५६ उपचार होते. ही यादी वेळोवेळी बदलत असते.

या योजना पॅकेजवर चालतात. प्रत्येक उपचाराची रक्कम आधीच ठरलेली असते आणि ती सरकारकडून थेट रुग्णालयाला मिळते. पॅकेजमध्ये जनरल वॉर्डातली खाट, डॉक्टरांची फी, त्या उपचाराला लागणाऱ्या तपासण्या, औषधे आणि रुग्णाचे जेवण येते. खासगी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दाखवणे, इन्हेलर लिहून घेणे आणि घरी येणे, याचे पॅकेजच नाही. म्हणून एकट्या डॉक्टरचा दवाखाना कार्ड नाकारतो, तेव्हा तो नियम मोडत असतो असे नाही.

यातून दुसरी गोष्टही कळते. एकच डॉक्टर सकाळी स्वतःच्या दवाखान्यात आणि दुपारी एखाद्या मोठ्या रुग्णालयात बसत असेल, तर दवाखान्यात कार्ड चालणार नाही, पण त्या रुग्णालयात दाखल झाल्यास चालू शकेल. योजनेत असलेल्या रुग्णालयाला सरकारी भाषेत 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात. शोधताना हाच शब्द वापरावा.

कोणाकडे कोणते कार्ड आहे, हे आधी पाहा

'सरकारी विमा' या एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या योजना येतात. रस्ता प्रत्येकाचा वेगळा आहे.

*महात्मा फुले आणि आयुष्मान भारत:* पिवळे आणि केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबांसाठी असलेली राज्याची योजना आता पांढरे रेशन कार्ड असलेल्यांनाही लागू आहे. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि गरज पडल्यास रहिवासाचा पुरावा लागतो. कर्नाटकच्या सीमाभागातील ८६५ मराठी गावांमधल्या कुटुंबांचाही योजनेत समावेश करण्यात आला आहे. जुना आजार असला तरी अडचण येत नाही. दहा वर्षांचा दमा असलेला रुग्णही पहिल्या दिवसापासून पात्र असतो. खासगी विम्यासारखा थांबण्याचा काळ इथे नाही.

*७० वर्षांवरील व्यक्ती:* ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे वेगळे संरक्षण मिळते. सीओपीडी आणि न्यूमोनियाचा त्रास उतारवयात जास्त होतो. म्हणून आजी-आजोबांचे हे कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवलेले बरे.

*ईएसआयसी:* कारखाना, दुकान, हॉटेल, खासगी कंपनी अशा ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचा पगारातून ०.७५ टक्के हिस्सा कापला जातो. मालक ३.२५ टक्के भरतो. या योजनेत ओपीडी, औषधे आणि तपासण्याही येतात. कामगाराने आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात जायचे असते. तिथले डॉक्टर चिठ्ठी देऊन ईएसआय रुग्णालयात पाठवतात. तिथे सोय नसेल तर तेच करार असलेल्या खासगी रुग्णालयात पाठवतात. चिठ्ठी न घेता थेट खासगी रुग्णालयात गेल्यास बिल आपल्याच अंगावर पडण्याची शक्यता जास्त.

*सीजीएचएस आणि ईसीएचएस:* केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांच्यासाठी सीजीएचएस आणि माजी सैनिकांसाठी ईसीएचएस आहे. सीजीएचएसमध्ये वेलनेस सेंटरमधून, तर ईसीएचएसमध्ये पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञांसाठी चिठ्ठी मिळते. सीजीएचएसचे ७० वर्षांवरील लाभार्थी करार असलेल्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला चिठ्ठीशिवायही दाखवू शकतात.

*गोवा:* गोव्यातल्या रहिवाशांसाठी २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्यापेक्षा मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

कामानिमित्त दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक फरक लक्षात ठेवावा. केंद्राच्या यादीत नाव असलेल्यांचे आयुष्मान कार्ड इतर राज्यांतल्या आयुष्मान रुग्णालयांतही चालते. केवळ राज्याच्या योजनेतून पात्र ठरलेल्यांना ही सोय गृहीत धरता येत नाही. जाण्याआधी विचारून घ्यावे.

पहिली पायरी: निदान कुठे करून घ्यायचे?

कार्ड दाखल झाल्यावर चालते, आणि दाखल व्हायचे की नाही हे निदान झाल्यावर ठरते. मधल्या टप्प्यात खर्च वाचवण्याचा सरळ मार्ग म्हणजे सरकारी रुग्णालयाची ओपीडी.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, पण तिथली फी खासगीच्या मानाने किरकोळ असते.

फुफ्फुसांचे तज्ज्ञ प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असतीलच असे नाही. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र श्वसनविकारांचा विभाग बहुधा असतो. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि एम्स, छत्रपती संभाजीनगरात घाटी ही त्यातली ठळक नावे. मुंबईत शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आणि पुण्यात औंधचे उरो रुग्णालय तर छातीच्या आजारांसाठीच ओळखले जातात. जाण्याआधी छातीरोग ओपीडीचे वार आणि वेळ विचारून घ्यावी. अनेक ठिकाणी केसपेपर सकाळच्या ठरावीक वेळेतच निघतो.

फुफ्फुसांच्या आजारात सहसा पुढच्या तपासण्या सांगितल्या जातात:

- छातीचा एक्स-रे
- थुंकीची तपासणी
- रक्ततपासणी
- स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून श्वासाची ताकद मोजणे
- गरज असल्यास सीटी स्कॅन
- काही रुग्णांत ब्राँकोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनलिका पाहणे

यातल्या स्पायरोमेट्रीबद्दल आवर्जून विचारावे. सीओपीडीच्या सुरुवातीला एक्स-रे अगदी ठीक दिसू शकतो, आणि आजार फुंकण्याच्या या तपासणीतच कळतो. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. 'वय झालंय, दम लागणारच' म्हणून तो अंगावर काढला जातो.

दुसरी पायरी: अंगीकृत रुग्णालय कसे शोधायचे?

दाखल व्हावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की अंगीकृत रुग्णालयाचा शोध सुरू होतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

*एक, सरकारी संकेतस्थळ.* महात्मा फुले योजनेच्या 'जीवनदायी' या संकेतस्थळावर जिल्हा आणि विभाग निवडून रुग्णालयांची यादी पाहता येते. आयुष्मान भारतच्या संकेतस्थळावरही राज्य, जिल्हा आणि विभाग निवडून शोधता येते.

इथे एक अडचण येते. राज्याच्या यादीत पल्मनॉलॉजी हा वेगळा विभाग आहे. केंद्राच्या पॅकेजयादीत मात्र न्यूमोनियासारखे फुफ्फुसांचे बरेच आजार 'जनरल मेडिसिन'खाली येतात. म्हणून पल्मनॉलॉजी शोधून काही सापडले नाही, तर जनरल मेडिसिनही पाहावे. ऑपरेशनसाठी कार्डिओथोरॅसिक सर्जरी आणि कर्करोगासाठी ऑन्कोलॉजी हे विभाग पाहावेत.

*दोन, फोन.* महात्मा फुले योजनेचे टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे आहेत. आयुष्मान भारतसाठी १४५५५. जिल्हा, आजाराचे नाव आणि डॉक्टरांनी सुचवलेला उपचार सांगितला की कोणत्या रुग्णालयात जायचे याची माहिती मिळते.

*तीन, आरोग्यमित्र.* प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र बसतो. रुग्णाची नोंद करणे, कागद तपासणे आणि मंजुरीसाठी पाठपुरावा करणे हे त्याचे काम. सरकारी रुग्णालयांतही आरोग्यमित्र असतात, आणि आसपासच्या कोणत्या रुग्णालयात कोणता विभाग सुरू आहे हे त्यांना बहुधा नीट माहीत असते.

यादीत नाव दिसले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. जनरल मेडिसिनसाठी योजनेत असलेल्या छोट्या रुग्णालयात छातीचा तज्ज्ञ पूर्णवेळ असेलच असे नाही. काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून रुग्णाला घेऊन निघण्याआधी रुग्णालयात फोन करून पाच प्रश्न विचारावेत:

1. रुग्णालय सध्या योजनेत आहे का, आणि कोणत्या विभागांसाठी?
2. छातीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात? ते योजनेतले रुग्ण पाहतात का?
3. डॉक्टरांनी सांगितलेला उपचार योजनेत बसतो का?
4. जनरल वॉर्डात किंवा आयसीयूत योजनेची खाट रिकामी आहे का?
5. दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचे पैसे कोण भरणार?

शेवटचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. केंद्राच्या योजनेच्या नियमांनुसार दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांतला आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांतला खर्च पॅकेजमध्ये धरला जातो. राज्याच्या योजनेत घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधे येतात. आपल्या बाबतीत कोणती मुदत लागू आहे, हे आरोग्यमित्राकडून स्पष्ट करून घ्यावे.

दाखल होताना काय घडते?

आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि आधार कार्ड किंवा आयुष्मान कार्ड दाखवून रुग्णाची नोंद होते. डॉक्टर तपासून उपचार ठरवतात. रुग्णालय कागद आणि तपासणीचे अहवाल पाठवून पूर्वपरवानगी मागते. ती मिळाली की उपचार सुरू होतात, आणि त्यातल्या मंजूर उपचारांचे पैसे रुग्णाला भरावे लागत नाहीत.

परवानगी अडकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे नावातला फरक. आधारवर 'सुनिता', रेशन कार्डावर 'सुनंदा' आणि केसपेपरवर माहेरचे आडनाव असेल, तर वेळ जातो. रेशन कार्डात नाव नसणे किंवा रेशन कार्ड ऑनलाइन झालेले नसणे हेही कारण असते. हे काम तहसील कार्यालयात होते आणि त्याला दिवस लागतात. म्हणून घरात कोणी आजारी नसतानाच ते करून घ्यावे.

दुसरी गोष्ट खोलीची. योजना जनरल वॉर्डाची आहे. स्वतंत्र खोली मागितली तर रुग्ण योजनेबाहेर जाऊ शकतो. 'योजनेचा लाभ नको' अशा अर्थाच्या कागदावर सही मागितली गेली, तर तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. आधी पैसे भरून मागाहून भरपाई घेण्याची सोय या योजनांमध्ये नाही. त्यामुळे नोंद दाखल होतानाच झाली पाहिजे. बिल हातात पडल्यावर कार्ड दाखवून उपयोग होत नाही.

रात्री अचानक दम लागला तर?

ओठ किंवा नखे निळसर दिसणे, दमामुळे एक वाक्यही पूर्ण बोलता न येणे, गुंगी येणे, खोकल्यातून जास्त रक्त पडणे, छातीत अचानक जोराने दुखून श्वास अडकणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी यादी शोधत बसू नये. १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. जवळच्या ज्या रुग्णालयात ऑक्सिजन आहे तिथे रुग्णाला न्यावे.

अंगीकृत रुग्णालयात तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर आणून देता येतात. रुग्णालय योजनेत नसेल, तर जीव स्थिर झाल्यावर अंगीकृत किंवा सरकारी रुग्णालयात हलवता येईल का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारावे. हलवणे सुरक्षित आहे की नाही हा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

टीबीचा रस्ता वेगळा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त येणे यांपैकी काही असेल, तर कार्डाचा विचार बाजूला ठेवून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासायला द्यावी. टीबीची तपासणी आणि औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. श्रीमंत-गरीब असा भेद नाही. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या, पण सरकारकडे नोंद झालेल्या रुग्णांनाही हे पैसे मिळतात. मदतीसाठी टोल फ्री क्रमांक १८०० ११ ६६६६.

आजार कामामुळे झाला असेल तर

दगडखाण, खडीक्रशर, फाउंड्री, कापूस आणि सूतगिरणी या ठिकाणच्या धुळीने फुफ्फुसे कायमची खराब होऊ शकतात. कायद्यात धुळीमुळे होणारे फुफ्फुसांचे आजार आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस यांची व्यावसायिक आजार म्हणून नोंद आहे. ईएसआयसीत असलेल्या कामगाराचा आजार असा ठरला, तर उपचारांबरोबर अपंगत्वाचा लाभही मिळू शकतो. टीबी, ब्राँकिएक्टॅसिस अशा दीर्घ आजारांत अटी पूर्ण होत असतील, तर पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत वाढीव आजारपणाचा लाभ आहे.

म्हणून डॉक्टरांना लक्षणांबरोबर कामही सांगावे: काय करतो, किती वर्षे, धूळ कसली, तोंडाला मास्क असतो का. ही माहिती केसपेपरवर लिहिली गेली नाही, तर पुढे हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

नकार मिळाला किंवा पैसे मागितले तर?

नकाराचे कारण आधी नीट विचारावे. खाट नाही, विभाग योजनेत नाही, उपचार यादीत नाही आणि कागद अपुरे आहेत ही चार वेगळी कारणे आहेत, आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा आहे. खाट नसेल तर दुसरे अंगीकृत रुग्णालय शोधावे लागते. कागद अपुरे असतील तर आरोग्यमित्राची मदत होते.

मंजूर उपचारासाठी वेगळे पैसे मागितले गेल्यास पावती मागावी, आरोग्यमित्राला सांगावे आणि टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. प्रत्येक जिल्ह्यात योजनेचा जिल्हा समन्वयक असतो. त्याच्याकडेही तक्रार करता येते. पावतीशिवाय दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही.

उपचार यादीत नसेल तर धर्मादाय रुग्णालयांचा पर्याय आहे. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्षाकडेही अर्ज करता येतो.

घरी आल्यानंतर

दमा आणि सीओपीडी हे दाखल होऊन कायमचे बरे होणारे आजार नाहीत. खरा उपचार म्हणजे रोजचा इन्हेलर, आणि त्याचा महिन्याचा खर्च पॅकेजच्या मुदतीनंतर योजनेत येत नाही. पैसे संपले की इन्हेलर बंद होतो, आणि काही आठवड्यांत रुग्ण पुन्हा आयसीयूत येतो. हे चक्र टाळण्यासाठी घरी सोडतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: हे औषध सरकारी रुग्णालयात मिळते का, जनऔषधी केंद्रात त्याचा स्वस्त पर्याय आहे का, आणि फेरतपासणी जवळच्या सरकारी ओपीडीत करता येईल का. इन्हेलर वापरण्याची पद्धतही नर्ससमोर एकदा करून दाखवावी. चुकीच्या पद्धतीने ओढलेले औषध फुफ्फुसात पोहोचतच नाही.

रुग्णाची एक फाइल करून ठेवावी. त्यात रेशन कार्ड, आधार आणि आयुष्मान कार्डाच्या प्रती, सगळे एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म, स्पायरोमेट्रीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी असावी. जुना एक्स-रे शेजारी ठेवला की नव्यात काय बदलले हे डॉक्टरांना लगेच दिसते, आणि त्याच तपासण्या पुन्हा करण्याचा खर्चही अनेकदा वाचतो.